डोंग्यावर, बोटीवर घालायचे बूट कसे निवडायचे? झाडीपट्टीतल्या नवख्यांसाठी

पावसाळा तोंडावर आला की आमच्याकडे एक प्रश्न हमखास येतो: "दादा, डोंग्यावर घालाले कोणता बूट घेऊ?" विचारणारे नाना तऱ्हेचे असतात. मच्छीमार संस्थेत नुकताच सभासद झालेला पोरगा, जलाशयातल्या मासे वाढवायच्या पिंजऱ्यांवर कामाला लागलेली मुलं, नवेगावबांध किंवा रामटेकच्या खिंडसीसारख्या ठिकाणी पर्यटकांना बोटीतून फिरवणारे, शेततळ्यात रोहू-कटला सोडलेला शेतकरी. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली आणि नागपूर जिल्ह्यांत मिळून साडेसहा हजारांवर माजी मालगुजारी (पूर्वी मालगुजारांच्या, म्हणजे जमीनदारांच्या ताब्यातले) तलाव आहेत. बोड्या (शेतातली लहान तळी) आणि धरणं वेगळीच. एवढ्या पाण्यावर माणसं रोज उतरतात, पण पायात काय घालावं हे सांगणारं कोणी भेटत नाही. दुकानदार हातात येईल तो गमबूट देतो, आणि इंटरनेटवरची माहिती असते थंड समुद्रावरच्या मासेमारांसाठी.

डेक बूट, म्हणजे डेकवर (बोटीत ज्यावर उभं राहतो, चालतो त्या पृष्ठभागावर) घालायचा बूट, ही मुळात समुद्रावरच्या बोटीची वस्तू आहे. पाणी थंड, डेक सपाट आणि सतत ओला, हे गृहीत धरूनच तो घडवलेला असतो. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर जातो, तलावाच्या तळाशी गाळ असतो, पाळीवर (तलावाच्या बांधावर) बाभळीचे काटे आणि पाण्यात शिंगाड्याचे काटे. म्हणून तिथला सल्ला जसाच्या तसा उचलून चालत नाही. तिथल्या बुटातलं काय आपल्या कामाचं आणि काय नाही, ते खाली क्रमाने सांगतो.

१. आधी ठरवा: पाय कुठे टेकणार?

बुटाची उंची, रंग, कंपनी हे सगळं नंतर. दिवसातला जास्तीत जास्त वेळ तुमचा पाय कशावर असतो, हे सर्वांत आधी बघा.

नावेत उभं राहून जाळं ओढत असाल तर पायाखाली लाकूड, पत्रा किंवा फायबर असतं. त्यावर थोडं पाणी आणि मासोळीचा बुळबुळीत चिकटा. हा चिकटा नुसत्या पाण्यापेक्षा कितीतरी निसरडा असतो. डेक बुटाचा खरा उपयोग इथेच.

पिंजऱ्यावर काम असेल तर चालायला अरुंद फळी किंवा प्लॅस्टिकची जाळीदार पट्टी असते, दोन्ही बाजूंना खोल पाणी, आणि हातात खाद्याचं पोतं. तिथेही डेक बूटच हवा, आणि तोही पायात घट्ट बसणारा. ढिला बूट फळीच्या कडेला अडतो.

पाळीवर, काठावर, बांधीतून (धानाच्या शेतातून) चालणं जास्त असेल तर गोष्ट वेगळी. तिथे चिखलाला धरणारे खोल दाते असलेला साधा शेतीचा गमबूट बरा.

आणि प्रत्यक्ष गाळात उतरायचं असेल, म्हणजे गुडघाभर गाळातून जाळं ओढायचं असेल, तर कुठलाही उंच बूट घालू नका. गाळ बुटाला खालून ओढून धरतो. पाय वर येतो, बूट खालीच राहतो आणि माणूस तोंडावर पडतो. आपल्याकडचे ढिवर (मासेमार समाजातले) बांधव गाळात अनवाणी उतरतात, त्याला हे कारण आहे. काट्यांची भीती असेल तर घोट्याशी पट्टा असलेली, पायाला घट्ट बसणारी प्लॅस्टिकची सँडल चालते. बूट काठावर ठेवा, नावेत चढताना घाला.

नावेवरचं आणि पाळीवरचं काम सारखंच असेल तर एकाच बुटात सगळं बसवायचा हट्ट धरू नका. नावेसाठी एक आखूड डेक बूट आणि पाळीसाठी एक स्वस्त गमबूट, अशा दोन जोड्या जास्त दिवस साथ देतात.

२. उंची

साधारण तीन उंची मिळतात. घोट्याच्या जरा वरपर्यंतचा, सुमारे ६ इंची. अर्ध्या पोटरीपर्यंतचा, १० ते १२ इंची. आणि गुडघ्याखालपर्यंतचा, १४ ते १६ इंची.

नावेसाठी आणि पर्यटकांच्या बोटीसाठी माझं मत घोट्याच्या बुटाला. चटकन घालता येतो, चटकन काढता येतो, आत हवा खेळते. नावेत साचणारं पाणी क्वचितच घोट्याच्या वर जातं. काठावर उथळ पाण्यातून नाव ढकलत नेऊन मग चढायची सवय असेल तर अर्ध्या पोटरीचा घ्या.

गुडघ्यापर्यंतचा बूट घ्यायचं एक चांगलं कारण आहे. पावसाळ्यात पाळीवरच्या गवतातून, बेशरमाच्या झुडपांतून रोज ये-जा असेल तर तो नडगी झाकतो. घोणस, नाग, मण्यार तिन्ही आपल्या भागात आहेत, आणि शेतात चालताना होणारे बरेच दंश घोट्याच्या आसपास होतात. बुटाने धोका कमी होतो, संपत नाही. अंधारात बॅटरी आणि काठी लागतेच. दंश झालाच तर दोरी आवळणं, चिरा देणं यात वेळ न घालवता ताबडतोब दवाखाना गाठायचा.

छातीपर्यंतचा पँटबूट दिसायला कामाचा वाटतो, पण खोल पाण्यावरच्या नावेत तो नवख्या माणसाने घालूच नये. तो उथळ पाण्यात उभं राहून काम करण्यासाठी आहे.

३. कशाचा बनवलेला?

पीव्हीसी: बाजारात दिसणारे बहुतेक गमबूट याचेच. साच्यात एकसंध ओतलेले असल्यामुळे शिवण नाही, सांधा नाही, म्हणून गळायची भीती कमी. स्वस्त. तोटा असा की थंडीत ते कडक पडतात आणि वर्षानुवर्षं उन्हात राहिले की घडीच्या जागी चिरतात.

नैसर्गिक रबर: मऊ, लवचीक, पायाबरोबर वाकतं, ओल्या पृष्ठभागावर पकडही चांगली. मात्र पेट्रोल, डिझेल, इंजिनचं ऑइल यांनी ते फुगतं आणि खराब होतं. तुमच्या बोटीला इंजिन असेल आणि तळाशी तेल सांडत असेल तर याची काळजी घ्यावी लागेल. रबराच्या नव्या बुटावर कधीकधी पांढरी भुकटी दिसते. ती बुरशी नाही. रबरात मिसळलेलं मेण किंवा गंधक वर येतं, कोरड्या कापडाने पुसलं की जातं. त्यावरून माल जुना ठरवू नका.

निओप्रीन: फेसाळ रबराचं जाड अस्तर असलेले महागडे बूट. हे थंड पाण्यात पाय गरम ठेवण्यासाठी बनवतात. डिसेंबरच्या पहाटे नवेगावबांधला गारठा असतो खरा, पण ते चार दिवस सोडले तर या बुटात पाय उकडून निघेल. आपल्याकडे नको.

ईव्हीए: अगदी हलका, स्पंजासारखा फोम. हातात घेतल्यावर मोह होतो. पण बाभळीचा काटा यातून सहज आरपार जातो. केवळ बोटीवरच घालणार असाल तरच विचार करा.

४. सोल: इथे वेळ द्या

बुटाची निवड खऱ्या अर्थाने इथेच होते. बूट उलटा करा आणि सोल नीट बघा.

शेतीच्या गमबुटाला मोठे, खोल, एकमेकांपासून लांब दाते असतात. मऊ जमिनीत ते रुततात म्हणून पकड मिळते. तोच बूट ओल्या फायबरवर ठेवा. दाते रुतायला जागाच नाही, पृष्ठभागाला टेकतात ती फक्त दात्यांची टोकं, शिवाय दात्यांमध्ये अडकलेला चिखल तुमच्याबरोबर नावेत येतो आणि तोच घसरायला कारण होतो.

डेक बुटाचा सोल याच्या उलट असतो. जवळजवळ सपाट, आणि त्यावर बारीक नागमोडी किंवा बाणाच्या टोकासारख्या खाचा. पाय दाबला की या खाचा किंचित उघडतात, पायाखालचं पाणी त्यांत जातं, आणि रबर थेट डेकला भिडतं. पॉल स्पेरी नावाच्या अमेरिकी नाविकाने १९३५ च्या सुमारास आपला कुत्रा बर्फावर न घसरता कसा पळतो हे पाहून त्याच्या पंजावरच्या भेगा न्याहाळल्या आणि रबराच्या सोलवर चाकूने तशाच खाचा पाडून बघितल्या, असं सांगतात. त्यातून निघालेली ही युक्ती आजही जगभर बोटीवरच्या पादत्राणांत वापरतात.

दुकानात चार गोष्टी करून बघा. सोल अंगठ्याने दाबा: थोडा मऊ लागला पाहिजे, दगडासारखा कडक सोल ओल्यावर घसरतो. बूट वाकवा: खाचा उघडताना दिसल्या पाहिजेत, नुसती वरवर कोरलेली नक्षी कामाची नाही. पांढऱ्या कागदावर सोल जोरात घासा: काळी रेघ उमटली तर तो बूट पांढऱ्या फायबरच्या बोटीवर डाग पाडेल. पर्यटकांच्या बोटीवर काम करणाऱ्यांना हे महत्त्वाचं, लाकडी डोंगेवाल्यांनी मनावर घेऊ नये. आणि शेवटचं, दुकानदाराला विचारून फरशीवर थोडं पाणी आणि थेंबभर साबण टाका, एक हात भिंतीला धरून त्यावर पाय हळूच पुढे सरकवा. मासोळीच्या चिकट्यावर तो बूट कसा वागेल याचा अंदाज येतो.

आता आपल्या भागाची खास अडचण. डेक बुटाचा मऊ सोल काट्याला कच्चा. शिंगाड्याचं वाळलेलं फळ काठाच्या गाळात पडलेलं असतं, त्याचे काटे टणक आणि टोकदार. पाळीवर बाभूळ असतेच. नावेत पडलेल्या सिंगूर, टेंगरा या मासोळ्यांचे काटेही पायाखाली येतात. म्हणून सोलची जाडी बघा. चवड्याखाली, म्हणजे पायाचा सगळा भार पडतो तिथे, ती करंगळीच्या जाडीच्या जवळपास असावी. आत वेगळा निघणारा जाड इनसोल असेल तर आणखी चांगलं. काही सेफ्टी गमबुटांत सोलच्या आत पोलादी पत्रा असतो. काट्यासाठी तो उत्तम, पण बूट जड होतो आणि सोल वाकत नाही, म्हणून पाळीवरच्या जोडीसाठी ठीक, नावेसाठी नाही. पुढे पोलादी टोपी असलेल्या बुटाचंही तेच. बर्फाचे क्रेट उचलणाऱ्यांना तो हवा, वल्हं मारणाऱ्याला नको.

५. माप

माप संध्याकाळी घ्या, दिवसभराच्या कामानंतर पाय थोडा सुजलेला असतो. टाच भिंतीला टेकवून कागदावर उभे राहा, सर्वांत लांब बोटाशी खूण करा, सेंटिमीटरमध्ये मोजा. दोन्ही पाय मोजा, मोठा पाय धरा. बुटाची आतली लांबी यापेक्षा साधारण १ सेंटिमीटर जास्त हवी, आणि हे सगळं तुम्ही घालणार असलेले मोजे घालूनच.

गमबुटात अर्धे नंबर सहसा मिळत नाहीत. ८ आणि ९ यांच्या मध्ये अडकलात तर ९ घेऊन आत एक इनसोल टाका. घट्ट बूट ओला झाला की पायातून निघत नाही, आणि पाण्यावर ही धोक्याची गोष्ट आहे.

पोटरीचा घेरही मोजा. उंच बुटात पँट खोचायची असेल तर दोन बोटं सहज जातील एवढी मोकळीक लागते. त्याहून जास्त मोकळीक असेल तर वरून पाणी आत येतं.

महिला सभासदांनी एक लक्षात ठेवावं. आपल्याकडे गमबूट बहुतेक पुरुषांच्या मापाचेच ठेवतात. ४ आणि ५ नंबर मागितला तर दुकानदार "६ घाला, मोजे चढवा" म्हणतो. ते ऐकू नका. सैल टाचेने फळीवर चालणं धोक्याचं आहे. लहान नंबर मागवून घ्या, चार-पाच जणींनी एकत्र मागणी नोंदवली की मिळतात.

६. खरेदीला जाताना सोबत काय न्याल

- पायाच्या मापाचा कागद
- रोजचे मोजे
- मोबाइलचा टॉर्च
- एक पांढरा कागद
- जुना बूट असल्यास तो (कुठे झिजला, कुठे चिरला हे दाखवायला)

तालुक्याच्या हार्डवेअरच्या दुकानात आणि कृषी केंद्रात साधे गमबूट मिळतात. खाचांचा डेक सोल हवा असेल तर नागपूरला जावं लागेल, किंवा ऑनलाइन. नागपुरात हिंगणा, बुटीबोरी भागातल्या सेफ्टीचं सामान विकणाऱ्यांकडे कारखान्यांच्या ओल्या फरशीसाठीचे बूट असतात. नावावर जाऊ नका, सोल बघा. त्यातले काही आपल्या कामाला चांगले बसतात आणि डेक बूट म्हणून विकल्या जाणाऱ्या मालापेक्षा बरेच स्वस्त पडतात.

बूट हातात घेतला की टॉर्च लावून आत धरा आणि दुकानातला अंधारा कोपरा गाठा. बारीक छिद्र असेल तर उजेड बाहेर दिसतो. गडद जाड पीव्हीसीवर हे नीट दिसत नाही, तिथे खालची बादलीची चाचणीच खरी. पायाच्या पाठीवर जिथे घडी पडते तिथे दोन्ही बाजूंनी वाकवून बघा. पांढऱ्या रेषा उमटून तशाच राहिल्या तर माल जुना किंवा हलका आहे. रबराच्या बुटात सोल आणि वरचा भाग जिथे जोडलाय ती कड नखाने चाचपा.

मग बूट घालून, हात न लावता, एका पायाच्या चवड्याने दुसऱ्याची टाच दाबून तो काढून बघा. निघाला पाहिजे. ही चाचणी चुकवू नका.

आयएसआय चिन्ह असेल तर त्याखालचा क्रमांक बघा: पीव्हीसी बुटांसाठी आयएस १२२५४, रबराच्या बुटांसाठी आयएस ५५५७. सोबत सीएम/एल ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो, तो 'बीआयएस केअर' या सरकारी अ‍ॅपवर टाकून खरा की खोटा हे तिथल्या तिथे तपासता येतं.

७. पैसे आणि फसगत

साधा पीव्हीसी गमबूट काही शे रुपयांत येतो. परदेशी नावाजलेल्या डेक बुटाची किंमत १० हजारांच्या आसपास जाते. आपल्या तलावांवर तेवढा खर्च करायची गरज मला दिसत नाही. त्या पैशात चांगली जोडी आणि लाइफ जॅकेट दोन्ही येतं, आणि लाइफ जॅकेट नसेल तर आधी तेच घ्या.

'वॉटरप्रूफ' आणि 'वॉटर रेझिस्टंट' यांत फरक आहे. पहिल्यात पाणी आत जात नाही. दुसऱ्यात शिंतोडे थोपतात, उभ्या पाण्यात आत झिरपतं. बुटाला वरून शिवण, चेन किंवा कापडी पट्टी दिसली तर दुसऱ्या प्रकारचा समजा. ऑनलाइन 'डेक बूट' शोधलं की फॅशनचे बरेच बूट समोर येतात. सोलचा फोटो दिलेला नसेल तर मागवू नका.

परत करायची मुदत आधी विचारा आणि पक्कं बिल घ्या. घरी आणल्यावर चिखलात नेण्याआधी ही चाचणी: बुटात कोरडं वर्तमानपत्र कोंबा, बादलीत बुटाच्या काठाच्या दोन इंच खालीपर्यंत पाणी येईल असा बूट दाबून धरा, दहा-पंधरा मिनिटांनी कागद बाहेर काढा. कुठेही ओल लागली तर पुसून, बिलासकट परत. सोलला चिखल लागला की कोणी परत घेत नाही.

८. पाण्यात पडलात तर

पाणी भरलेला बूट माणसाला दगडासारखा तळाशी ओढतो, असा समज आहे, पण तो खरा नाही. पाण्यात असेपर्यंत बुटातल्या पाण्याचं वजन जाणवत नाही, म्हणून घाबरून हातपाय झाडू नका. अडचण दुसरी आहे: बुटाने पाय मारणं जड जातं, आणि नावेत परत चढताना ते सगळं पाणी अंगावर येतं. तेव्हा आधी लाइफ जॅकेटवर उताणे तरंगा, श्वास सावरू द्या, मग टाचेने टाच दाबून बूट काढून टाका. बूट गेला तर जाऊ द्या. नावेच्या बाजूने चढायचा प्रयत्न केला तर डोंगा उलटतो, मागच्या किंवा पुढच्या टोकाशी या.

हे सगळं एकदा काठाजवळ, छातीएवढ्या पाण्यात, जाणत्या माणसासमोर करून बघा. पँट बुटाच्या वरून दोरीने किंवा रबरबँडने बांधायची काहींना सवय असते, ती नावेवर मोडा.

९. रोजची निगा

आपल्या हवेत पाय बाहेरच्या पाण्यापेक्षा घामानेच जास्त भिजतो. बोटांच्या मधे चिखल्या होतात, त्यांना भेगा पडतात, आणि त्या भेगांतून घाण पाण्यातला संसर्ग आत शिरतो. लेप्टोस्पायरोसिस हा आजार तर बहुतेकदा उंदराच्या किंवा इतर जनावरांच्या मुतामुळे दूषित झालेल्या पाण्यातून येतो. म्हणून मोज्यांच्या दोन जोड्या ठेवा, दुपारी जेवताना बूट काढून पाय कोरडे करा आणि मोजे बदला. जाड सुती मोजा घाम धरून ठेवतो, पातळ नायलॉन-मिश्र मोजा लवकर वाळतो. पायाला जखम असेल तर झाकून, पट्टी लावूनच पाण्यावर जा.

घरी आल्यावर मासोळीचं रक्त, खवले साध्या पाण्याने धुवा. इनसोल बाहेर काढा. बुटात वर्तमानपत्राचे बोळे भरून सावलीत ठेवा, रात्री एकदा बदला. चुलीजवळ, टिनाच्या छपरावर, मोटारसायकलच्या सायलेन्सरशेजारी ठेवलेला बूट एका हंगामात चिरतो. ऑइलचा डाग साबणाने काढा, पेट्रोलने नाही.

सकाळी पाय घालण्याआधी बूट उलटा करून जमिनीवर आपटा. झोपडीत, पाळीवरच्या खोपीत ठेवलेल्या बुटात विंचू बसतो, कधी सापाचं पिल्लूही. बूट काठीवर उलटे टांगून ठेवले तर ही भीती कमी होते आणि वाळतातही लवकर.

काट्याने छिद्र पडलं तर रबराच्या बुटाला सायकलच्या पंक्चरचं ठिगळ आणि सोल्युशन चालतं. जागा पॉलिश पेपरने घासा, सोल्युशन सुकू द्या, मग ठिगळ दाबा. पीव्हीसीला हे सोल्युशन धरत नाही. त्याला पीव्हीसीचंच ठिगळ आणि व्हिनाइल चिकटवायचं सोल्युशन लागतं. काटा आत मोडून राहिला असेल तर तो आधी चिमट्याने काढा, नाहीतर ठिगळाखालून तो पायापर्यंत येतो.

चवड्याखालच्या खाचा वर्षातून दोनदा तरी बघा, एकदा पावसाळ्याआधी आणि एकदा दिवाळीच्या सुमारास. नख फिरवून खाच लागत नसेल तर तो बूट नावेवरून उतरवा. वरून तो कितीही चांगला दिसत असला तरी आता तो पाळीवर आणि गोठ्यातच वापरायचा.